डोंगर मागे नेणारे इब्राहिममास्तर

पनवेलच्या मामलेदार कचेरीत उताऱ्यांच्या नकला करून करून माझं अक्षर इतकं वळणदार झालं होतं, की आपल्या हातात कला आहे असा माझा प्रामाणिक समज झाला. अक्षर चांगलं म्हणजे चित्रही चांगलंच येणार, हा हिशेब मला अगदी सरळ वाटला. मुंबईला गेलो असताना रंगांची पेटी आणली, एका रविवारी तळ्याच्या बांधावर पाट टाकून बसलो आणि समोर दिसणारा कर्नाळा काढून टाकला. सुळका, किल्ल्याची तटबंदी, खालचं जंगल, जंगलातलं एकूण एक झाड. वर जागा उरली म्हणून चार पक्षीही सोडले. घरी कौतुक झालं. कचेरीत हेडक्लार्कांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि "रंग भारी आहेत" असं म्हणाले. आता एखाद्या जाणकाराला दाखवावं, म्हणजे तो चकित होईल, या सदिच्छेने मी ते इब्राहिममास्तरांकडे घेऊन गेलो.

मास्तर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे आणि मोहल्ल्याच्या टोकाला राहायचे. उंच, वाळलेले, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, आणि कोटाच्या खिशांना आतून फुटलेले रंगाचे डाग. डोळे कायम अर्धे मिटलेले. नवीन माणसाला वाटायचं, हे आता झोपणार. त्यांनी माझं चित्र पडवीच्या पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि पाठमोरे न होता एकेक पाऊल मागे सरकत गेले. मागे मुरीची पायरी होती, तीही न पाहता उतरले.

"तुम्ही तिथं राहता का?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"डोंगरावर. नाही, झाडं मोजून आलेले दिसता."

मी हसलो. मला ती स्तुती वाटली.

"चित्र साफ आहे," मास्तर म्हणाले. "फक्त डोंगर पनवेलात आलाय. उद्या सकाळी कुणी दार उघडलं तर कपाळाला लागेल."

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि जे सांगितलं ते पुढे कित्येक वर्षं दर रविवारी सांगितलं. "लिमये, डोंगर काढायचाच नसतो. तो त्याच्या जागी आहे, त्याला आपण कोण काढणारे? तुमच्या नि त्याच्या मध्ये चार कोस हवा आहे की नाही? ती काढा. हवा नीट निघाली तर डोंगर आपण होऊन मागे जाऊन बसतो. अदबीनं बसतो."

हवा कशी काढायची, हे त्यांनी हातानं करून दाखवलं. एका वाटीत निळसर राखी रंगाचं पाणी. इतकं फिकं, की मला ती वाटी न विसळलेली वाटली. त्या पाण्यानं सगळ्यात लांबचा डोंगर एका ओढीत. तो वाळेपर्यंत विडी. मग त्याच वाटीत रंगाचा एक थेंब, आणि अलीकडचा डोंगर. पुन्हा विडी, पुन्हा थेंब, पुन्हा डोंगर. तीन विड्यांत कागदावर कोसच्या कोस अंतर पडलं. एका वाटीतून तीन डोंगर आणि एकावरही झाड नाही. मी घरी येऊन तसंच केलं. फक्त मला धीर नव्हता आणि विडी ओढत नव्हतो, त्यामुळे तिन्ही डोंगर ओले असतानाच एकमेकांच्या अंगावर गेले. सुशीला, म्हणजे आमचं कुटुंब, ते पाहून म्हणाली, "वांगी छान आली आहेत."

मास्तरांची पास-नापासाची पद्धत त्यांची स्वतःची होती. चित्र भिंतीला टेकवायचं, मागे सरकत जायचं, आणि मुरीच्या पायरीवरून पाहिल्यावरही डोंगर मागेच राहिला, तर आत भाभींना हाक जायची, "हलीमा, चहा." तो चहा शागिर्दाचा. डोंगर पुढे आला तरीही हाक तीच, पण चहा मास्तर पिणार आणि शागिर्दानं बघायचं. वर्षानुवर्षं मी मास्तरांना चहा पिताना पाहिलं. बशीत ओतून, फुंकर घालून, मिटल्या डोळ्यांनी पीत असत. शाळेतली पोरं माझ्या देखत येत, चहा पिऊन जात. मी तिशीला आलेला सरकारी नोकर, त्यांच्या कपबशा बघत बसे.

याचा एक फायदा झाला, तोही सांगायला हवा. माझी आई कडक सोवळ्याची. मी मोहल्ल्यात जातो हे तिला रुचत नसे. दर रविवारी ती दारातच विचारी, "त्यांच्याकडे चहा घेतलास का रे?" मी देवापुढे उभा राहून सांगू शकत असे, की थेंबभर घेतला नाही. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही असा तिचा शेवटपर्यंत विश्वास होता. त्यामागे माझ्या डोंगरांचं किती मोठं कार्य आहे, हे तिला कधी कळलं नाही.

डोळे अर्धे मिटून बघायचं, हाही मास्तरांचा धडा. "उघड्या डोळ्याला झाडं दिसतात, मिटल्या डोळ्याला काहीच दिसत नाही. मधल्या डोळ्यानं बघा, तिथं हवा दिसते." मी सरळमार्गी माणूस. सांगितलं तसं तळ्याच्या बांधावर उभा राहून एक डोळा मिटून दुसरा बारीक करून कर्नाळ्याकडे बघू लागलो. कर्नाळा आणि मी यांच्यामध्ये चार कोस हवा होती हे खरं, पण अगदी अलीकडे धुणं धुणाऱ्या बायकाही होत्या. त्यांतली एक आगरी म्हातारी धुणं टाकून वर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रं बाबा, डोल्यात काय गेलाय तुज्या? मगाधरनं बगतंय. फुंकर घालू का पायतान घालू?" मी हवेबद्दल सांगायला लागलो. तिनं पायतान काढलं. ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. संध्याकाळी सुशीलेनं आमटी वाढताना एवढंच विचारलं, "आज डोंगर कुठल्या रंगाचं लुगडं नेसला होता?"

मास्तरांना मी हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो," म्हणाले. "तिकडून बायका दिसत नाहीत. हे शिकवायचं राहून गेलं."

ते खरंच रोज सकाळी त्या टोकाला उभे असत. शाळेत जाण्याआधी कर्नाळा कुठं आहे ते बघायचं, हा त्यांचा नेम. तुम्हीआम्ही माणसाची प्रकृती विचारतो तशी ते डोंगराची चौकशी करत. "आज मागे आहे", "आज मधेच उभा आहे", "आज पुढे आलाय, पाऊस देणार". पाऊस यायचा असला, की हवा धुतल्यासारखी होते आणि डोंगर जवळ दिसतो, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. पण मास्तरांचा डोळा असा तयार, की बाकीच्यांना कळायच्या आदल्या दिवशी त्यांना कळायचं. त्यामुळे चित्रकलेशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, अशी माणसंही त्यांना विचारायला येत. त्यांत बेलपाड्याकडचा हिराजी मुख्य. त्याचं मिठागर होतं. मीठ ओढून राशी घातल्या, की त्या गवतानं शाकारायच्या केव्हा, हा त्याचा मे महिन्यातला एकच प्रश्न. लवकर शाकारलं तर खाली वाफ्यांतलं मीठ ओढायचं राहतं, उशीर केला तर वळीव सगळं घेऊन जातो. बाजाराला आला की बांधावर यायचा. "मास्तर, डोंगर कुटं हाय?" मास्तर सांगत, हिराजी मान डोलवून जाई. मास्तरांचा शब्द कधी खोटा पडला नव्हता, आणि मास्तरांना त्याचा अभिमान होता. चित्रांचा नव्हता तेवढा.

आणि मग एका रविवारी मला चहा मिळाला.

मी काही वेगळं केलं नव्हतं. तीच वाटी, तोच कर्नाळा. झाडं मात्र या वेळी थोडी कमी, कारण हिरवा रंग संपत आला होता. मास्तरांनी चित्र भिंतीला टेकवलं, मागे सरकत गेले, पायरी उतरले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "गेला. हलीमा, चहा." भाभी स्वतः कपबशी घेऊन बाहेर आल्या आणि ती नेहमीप्रमाणे मास्तरांपुढे ठेवणार, तोच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भाभींना दोनदा विचारावं लागलं. मी तो चहा प्यायलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी मी रविवार घालवले, तो शब्द मिळाला होता. (आई वारून तेव्हा वर्ष झालं होतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती.)

चित्राला मी काचेची चौकट करून घेतली. खाली उजव्या कोपऱ्यात कचेरीच्या काळ्या शाईनं झोकदार सही केली आणि बाहेरच्या खोलीत, दारातून शिरणाऱ्याला चुकवताच येणार नाही अशा जागी, ते टांगलं. आल्यागेल्याला मी चित्रातली खोली आणि वातावरण यांवर व्याख्यान देऊ लागलो. पोस्टमनसुद्धा सुटला नाही. पुढच्या चित्रांनाही चहा मिळत गेला. मी स्वतःशी म्हटलं, हात बसला.

त्याच वर्षी मे महिन्यात एका सकाळी मी मास्तरांबरोबर बांधावर होतो. हिराजी आला. "मास्तर, कुटं हाय डोंगर? राशी उघड्या हायत. आज शाकारू का चार दिस थांबू?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "थांब. फार मागे आहे. हवाच हवा आहे."

मला कर्नाळा इतका जवळ दिसत होता, की तटबंदीचे दगड मोजावेत. पण मला तो नेहमीच जवळ दिसायचा, माझं दुखणंच ते होतं. मी मनात म्हटलं, लिमये, तुझा डोळा अजून कच्चाच आहे. आणि गप्प राहिलो. हिराजी गेला. दिवेलागणीला जो वळीव कोसळला, त्यात त्याच्या निम्म्या राशी पाणी होऊन खाडीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिराजी मास्तरांच्या पडवीत आला, तेव्हा मी तिथंच होतो. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. तो खाली बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तर, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमचं काय चुकलं नाय. डोंगरानंच दगा दिला."

"डोंगर दगा देत नाही," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिमये, काल तुम्हांला कसा दिसत होता? खरं सांगा."

"जवळ."

"किती जवळ?"

"अगदी अंगावर."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझंच चुकतंय."

मास्तरांनी एका हाताने उजवा डोळा झाकून बाहेर पाहिलं. मग डावा झाकून पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या दिवशी चहाची हाक गेली नाही. त्या दिवसापासून मास्तर बांधावर उभे राहायचे बंद झाले. कुणी वाटेत विचारलंच, "मास्तर, डोंगर कुठं?" तर म्हणत, "मला काय विचारता? त्याला विचारा." त्यांचं ते बोलणं ऐकून मला वाईट वाटे. मूल गेल्यावर माणसं जशी त्याच्या वाटेनं जायचं टाळतात, तसे ते तळ्याला वळसा घालून शाळेत जाऊ लागले.

थंडीत शाळेच्या इमारतीत डोळ्यांचं शिबिर भरलं. मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय, दीड-दोन वर्षं तरी वाढत असणार. मी शेजारीच उभा होतो. दीड-दोन वर्षं हे शब्द ऐकले आणि मी बोटांवर महिने मोजू लागलो. ते मास्तरांसाठी मोजले असं मी सांगितलं असतं, पण मास्तरांनी थापा मारायला शिकवलं नाही. माझा पहिला चहा त्या दीड-दोन वर्षांतला होता. मास्तरांना त्या काळात माझाच काय, कुणाचाही डोंगर मागे गेलेला दिसला असता. पडवीची भिंतसुद्धा मागे गेलेली दिसत असणार.

मास्तर ऑपरेशनला तयार होईनात. "कापलेल्या डोळ्याला रंग ओळखू येत नाहीत," हा त्यांचा हट्ट. भाभी मला म्हणाल्या, "लिमयेभाऊ, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील." आता माझी स्थिती बघा. डोळे उघडले, की माझा डोंगर पनवेलात परत येणार. नाही उघडले, तर मी जन्मभर चित्रकार. एक अख्खी संध्याकाळ मी बाहेरच्या खोलीत चित्रासमोर बसून राहिलो. सुशीलेनं दिवा आणून ठेवला आणि विचारलं, "चहा हवाय का मास्तर हवेत?" तिला सगळं कळलेलं असतं, ही एक अडचण आहे.

सकाळी जाऊन मी मास्तरांना म्हटलं, "मला डोंगर कायम जवळ दिसतो, तुम्हांला कायम लांब. दोघांतला एक तरी डोळा बरा हवा. माझा होण्यातला नाही."

ते हसले. किती तरी महिन्यांनी हसले. आणि उठून टोपी घातली.

ऑपरेशननंतर त्यांना वर्गातल्याच खाटेवर उताणं निजवलं होतं. डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी कचेरीला जाता जाता डोकावत असे. ते पावलं ओळखत आणि विचारत, "कुठं आहे?" मी पहिल्या दिवशी सांगितलं, "तिथंच आहे." ते म्हणाले, "हे तर हिराजीचा बैलही सांगेल." मग मला रोज बांधावर थांबून नीट बघून यावं लागलं, कारण तोंडी सांगायचं होतं आणि तोंडी सांगताना झाडं मोजून भागत नाही. मी सांगू लागलो : सुळका राखी आहे, पण कडेला थोडा जांभळा. खालचं जंगल दिसतच नाही, तिथं धूर बसलाय. मधली टेकडी सुळक्यापेक्षा गडद. मास्तर पट्टीआडून विचारत, "किती गडद? एक थेंब की दोन?" मी उत्तर देई. इतकी वर्षं रंगवून जी हवा मला दिसली नव्हती, ती त्या खाटेपाशी उभं राहून बोलताना दिसायला लागली. आणि दिसायला लागली तशी घरातल्या चौकटीकडे बघवेना. ती मी माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी वाण्याचं कॅलेंडर लावलं.

मास्तर जाड भिंगाचा चष्मा लावून आमच्याकडे आले, ते फाल्गुनातल्या एका सकाळी. त्या चष्म्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे उंबरठा ओलांडताना त्यांनी गुडघा कमरेपर्यंत उचलला. आत आले, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "लिमये, आपला डोंगर कुठाय?"

"चौकट फुटली," मी म्हटलं.

"माळ्यावर आहे," सुशीला म्हणाली आणि शिडी लावून घेऊनही आली.

मास्तरांनी चित्र भिंतीला टेकवलं नाही. मागेही सरकले नाहीत. हातात धरून पाहत राहिले. मला हवं होतं त्यांनी रागवावं. ते फार हळू बोलले. "हे मी पास केलं होतं?"

"हो."

"चहा दिला होता?"

"भाभींनी स्वतः आणून दिला."

"गलत दिला," मास्तर म्हणाले. "माझी चूक. माफ करा." आणि मग सुशीलेकडे वळून, "वहिनी, एक बादली पाणी द्याल? आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा."

मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ त्यांनी चौकटीचे खिळे उपटले, कागद सोडवला आणि माझ्या डोळ्यांदेखत सबंध चित्र बादलीत बुडवलं. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पाणी आधी हिरवं झालं. झाडं निघाली. मग काळं झालं, ती माझी सही. मास्तरांनी बाह्या न सारताच कोपरापर्यंत हात घातले होते. कागद पाण्याखाली धरून, जखम पुसावी तसं ते धोतराच्या तुकड्यानं तो पुसत होते. सुळक्यावरून एकदा, जंगलावरून तीनचारदा. मग कागद बाहेर काढून त्यांनी दोन्ही हातांनी उन्हात धरला. "मागे जा," मला म्हणाले. "आणखी मागे."

मी सरकत सरकत गेलो, ते पाठ कुंपणाला लागेपर्यंत. कागदावर रंग जवळजवळ उरलाच नव्हता. राखी जांभळा एक डाग, खाली धूर, आणि मध्ये चार कोस. मी तिथं कुंपणाला टेकून रडलो. लाज वाटली नाही. सुशीला दारात उभी होती. तिनं भाजीचं नाव घेतलं नाही, म्हणजे डोंगर खरंच गेला होता.

"हा तुमचाच आहे," मास्तर म्हणाले. "वरचं ओझं तेवढं मी काढलं."

त्यानंतर मास्तरांची माझी गाठ पडली नाही. त्याच आठवड्यात ते आणि भाभी आपट्याला मुलीकडे गेले, आणि ऐन पावसाळ्यात तिथंच ते वारले. मला आठवतात ते त्या सकाळचे. आमच्या बोळातून निघाले होते, बाह्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि वाटेतला एवढासा खडाही भिंगातून धोंडा दिसत असल्यामुळे प्रत्येक खड्यावरून ढांग टाकत चालले होते. वळणावर थांबले, मी अजून दारात उभा आहे असं पाहून मोठ्यानं म्हणाले, "लिमये, वाळल्यावर तो आणखी मागे जाईल. तेव्हा घाबरून पुन्हा रंग लावू नका."